सत्त्याऐंशी झेरॉक्सा आणि एक हरकत

चुकीची फाईल चढवली ती कुंदनने. हे लिहिणाराही कुंदनच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. एकदा कबूल केलं, आता पुढे त्यालाही इतरांसारखं नावानेच हाक मारू.

फैजपूरच्या बसस्थानकासमोर कुंदनचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथल्या संगणकात दोन फाईली होत्या. एकीचं नाव 'नाना अर्ज फायनल', दुसरीचं 'नाना अर्ज फायनल पूर्ण'. पहिलीत एका पानाची हरकत. दुसरीत तीच हरकत, आणि तिच्यामागे सत्त्याऐंशी माणसांच्या सह्या, मोबाईल नंबर आणि आधार कार्डांच्या झेरॉक्सा. जे पूर्ण ते चांगलं, असं शाळेत पक्कं शिकवलेलं. सकाळी अकरा वीसला कुंदनने दुसरी फाईल 'तंत्रओटा' नावाच्या मराठी संकेतस्थळावर सगळ्या जगासाठी ठेवून दिली आणि चहा सांगितला. हरकतीचा विषय होता: माणसाची खाजगी माहिती त्याला न विचारता उघड्यावर येऊ नये.

हरकत जीवराम नानांची होती. नाना टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. फैजपूर ते यावल पट्ट्यात केळीच्या बागांमधून गेलेला एकही खांब नसेल ज्यावर नाना चढले नाहीत. लाइन तपासायची म्हणजे वर बसून टेस्टफोन जोडायचा, आणि जोडला की कुणाचं ना कुणाचं बोलणं कानावर पडायचंच. कुणाची सोयरीक का मोडली, कोणत्या व्यापाऱ्याने ऐन कापणीच्या दिवशी केळीचा भाव फिरवला, कोण कुणाला दुपारी दोनच्या ठोक्याला फोन करतं, नानांना सगळं ठाऊक. त्यातलं एक अक्षर कधी खांबावरून खाली उतरलं नाही. बायको विचारून विचारून थकली. नाना म्हणायचे, "लाइनवरचं लाइनवर." गावालाही हे माहीत. म्हणून भावकीचं भांडण असो की मुलीचं स्थळ, लोक नानांच्या ओट्यावर येऊन मन मोकळं करायचे. भिंतीजवळ बोलावं तितक्या निर्धास्तपणे.

निवृत्त झाल्यावर मुलीने, मयुरीने, स्मार्टफोन घेऊन दिला. बाकीचे निवृत्त लोक सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात. नाना तंत्रओट्यावर गेले. तिथे पुण्या-बंगळुरूची पोरं दिवसभर वाद घालत: कोणत्या कंपनीने किती माणसं काढली, कुठलं ॲप कुठल्या देशात बंद पडलं, नवा कायदा कुणाच्या फायद्याचा. खरं नाव तिथे कुणीच लावत नाही. नानांनी 'खांब क्र. ७' असं नाव घेतलं आणि ओळखीत लिहिलं, 'दूरसंचारात चौतीस वर्षं, बहुतेक काळ वरच्या पातळीवर.' खोटं त्यात काहीच नव्हतं. तिथल्या मंडळींनी मात्र त्यांना दिल्लीहून निवृत्त झालेला बडा अधिकारी ठरवलं आणि 'सर, आपलं मत?' असं विचारायला लागली. नानांनी दुरुस्ती केली नाही. जन्मभर 'ओ लाइनमन' ऐकलेल्या माणसाला 'सर' ऐकायला काही दिवस बरं वाटतं. नानांना तीन वर्षं बरं वाटत होतं.

मतं मात्र त्यांची पदापेक्षा मोठी असायची. वेबसाइटी परवानगी कशी मागतात यावर एकदा तिथे दोनशे प्रतिक्रियांचं भांडण झालं. नानांनी शेवटी दोन ओळी टाकल्या: 'हो म्हणायचं बटण भाकरीएवढं आणि नाही म्हणायचं बटण तिळाएवढं असेल, तर त्याने विचारलंच नाही असं समजावं. आमच्याकडे शेताचा बांध असाच सरकतो.' त्यावर इतके अंगठे आले की नानांनी बायकोला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "एवढ्या लोकायनं अंगठे देल्ले, काही लिहून नई ना घेतलं त्यायच्याकडून?"

मग कंपन्यांनी लोकांची माहिती कशी सांभाळावी याच्या नियमांचा सरकारी मसुदा आला. हरकती आणि सूचना मागवल्या. तंत्रओट्यावरचे सगळे आपापसात हरकती घेत बसले. सरकारला पाठवायच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. नानांच्या आलं. आणि हरकत म्हटल्यावर गावाकडे जशी घेतात तशीच त्यांनी घेतली. एक अर्ज लिहिला, वही काखेत मारली आणि घरोघर सह्या घ्यायला निघाले.

पहिलंच घर धुरपदाबाईंचं.

"नुसती सही?" त्यांनी विचारलं. "झेरॉक्स नको?"

"नको, अक्का. अर्जच त्याच्याबद्दल हाय. जो तो उठतो अन् आपले कागद मागतो, असं नको व्हायले."

"बरं लिहिलं," म्हणत धुरपदाबाई आत गेल्या आणि आधारची झेरॉक्स, वर दोन फोटो घेऊन बाहेर आल्या. "लाव."

"अक्का, मी काय म्हनलो?"

"ऐकलं मी. पीकविम्याले देल्ली, रेशनले देल्ली, ग्यासले देल्ली. तुह्याच अर्जाले काय इटाळ होते का? उद्या साहेब म्हनीन, कागद अपुरे. मंग?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर संशयच. झेरॉक्स घेत नाही म्हणजे अर्ज खोटा असणार. तिसऱ्या गल्लीत नानांनी हात टेकले आणि पिशवी आणली. रकाने आखलेला तक्ता कुंदनने छापून दिला. नाव, सही, मोबाईल नंबर. मोबाईलचा रकाना कशासाठी, हे कुंदनला अजून सांगता येत नाही. तक्ता म्हटला की तो असतो.

अर्ज खरोखर वाचणारी एकच व्यक्ती नानांना भेटली. ज्योती. धुळ्याला दिलेली मुलगी, वर्षभरापासून माहेरी. तिकडे कोर्टात केस चालू. नवरा आणि दीर आळीपाळीने फोन करून नको ते बोलायचे, म्हणून तिने नंबर बदलला होता. नवा नंबर चार माणसांकडे होता. तिने अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"नाना, नंबर लिहायलाच पाहिजे का?"

"माझ्याजवळ राहील, पोरी," नाना म्हणाले.

तिने लिहिला. नानांच्या शब्दावर लिहिला, हे नानांना तेव्हाच कळलं होतं. थोडा अभिमानही वाटला होता.

त्या दिवशी अकरा वीसला कुंदनने नानांच्या सांगण्यावरून, त्यांच्याच 'खांब क्र. ७' या नावाने फाईल चढवली, तेव्हा नाना घरी जेवणाची वाट पाहत तंत्रओटा उघडून बसले होते. आधी वाहवा आली. 'सर, जमिनीवरचं काम!' 'याला म्हणतात लोकशाही.' न वाचता केलेलं कौतुक सगळ्यात आधी पोचतं. बारा दहाला कुणीतरी फाईल उघडून लिहिलं, 'खांबसाहेब, खाजगी माहितीच्या रक्षणासाठी तुम्ही सत्त्याऐंशी आधार कार्डं टांगलीत. प्रात्यक्षिक आवडलं.' खाली हसणारे चेहरे लागायला सुरुवात झाली.

नाना ताट तसंच ठेवून सायकलवर सेंटरमध्ये आले. पायात चप्पल नव्हती.

"कुंद्या, काढ."

कुंदनने काढायचा प्रयत्न केला. तंत्रओट्याचा नियम असा की लिहिलेलं बदलायचं तर अर्ध्या तासात. नंतर ते फक्त संपादक काढू शकतो. त्या वेळी संपादकांपैकी हजर दिसत होता तो एकच, 'संपादक-दोन'. त्याला निरोप धाडला तर यंत्राने उत्तर दिलं: आपली विनंती मिळाली, अठ्ठेचाळीस तासांत विचार होईल.

"अठ्ठेचाळीस तास," नाना म्हणाले. "तोवर धुळ्याले पोचते."

आधार कार्डांचं ते बोलतच नव्हते. तक्त्यातला एकोणचाळीसावा, ज्योतीचा नंबर त्यांच्या डोळ्यासमोर होता.

"फोन करू त्याला," कुंदन म्हणाला. "पण कोण आहे, कुठला आहे, कुणालाच माहीत नाही. नाव नाही, गाव नाही."

खरंच नव्हतं. संपादक-दोन त्या बाबतीत फार काटेकोर. प्रत्येक लेखाखाली त्याची एक ओळ असायची: 'इंटरनेटवर मी कुणीही नाही.' आपली ओळख कशी लपवावी यावर त्याने अकरा भागांची लेखमाला लिहिली होती.

नानांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. मग म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात त्याचं नेट बंद पडलं होतं. फोटो टाकला होता, बघ. घरासमोरच्या खांबाचा. वर डबा उघडा लटकलेला."

कुंदनने तो फोटो शोधला. खांब, डबा, लोंबकळणाऱ्या वायरी. नानांनी बोटांनी फोटो मोठा केला. डब्यावर पांढऱ्या रंगात हाताने काही अक्षरं आणि आकडे लिहिले होते. कुंदनला त्या पोरांनी भिंतीवर मारलेल्या रेघोट्या वाटल्या. नानांनी घडाघड वाचलं. "शिरपूर. चौथी केबल, अकरावा खांब."

शिरपूरला मगन होते. त्याच खात्यातले, नानांच्या बरोबरीचे, आता घरीच. नानांनी फोन लावला आणि आकडा सांगितला.

"चार-अकरा?" मगन पलीकडून हसले. "जीवरामभाऊ, तो खांब मीच उभा करेल शे. त्यान्हासमोर दोन घर. एक म्हातारीनं, एक त्या कॉलेजना लायब्ररीवाला पोऱ्यानं. नवल त्यान्ह नाव. काय काम शे?"

"त्याच्या दारात जा अन् म्हना, खांब सातचा कागद काढ. लगेच."

"बस, इतलंच? जास."

तीन वर्षांत हजारो वाचकांना जो माणूस कुठे राहतो याचा पत्ता लागला नव्हता, त्याच्या दाराची बेल वीस मिनिटांत वाजली. नवल जेवायला घरी आलेला होता. दारात सत्तरीचे अनोळखी गृहस्थ, डोक्याला रुमाल, आणि म्हणतात, खांब सातचा कागद काढ. पोराचा हातातला घास हातात राहिला.

एक पस्तीसला फाईल गेली. मग मगनचा फोन आला. "काम व्हयी गयं, भाऊ. पोऱ्या पार घाबरी गया व्हता. माले इचारस, तुम्ही कोनत्या खाताना? आते त्याले काय सांगू?"

कुंदन मोठ्याने हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती जणांनी उघडली?"

कुंदनने पाहून ठेवलं होतं. "अठ्ठेचाळीस."

नाना तिथून सरळ ज्योतीकडे गेले. कुंदनलाही सोबत नेलं. तो येणार नव्हता, पण नानांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ओट्यावर उभं राहूनच नानांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. कुंदनचं नाव मात्र घेतलं नाही; "माझ्याकडून झालं" म्हणाले. कुंदन तेव्हा चपलेने माती उकरत होता.

"त्यात धुळ्याचं कुणी होतं का?" ज्योतीने विचारलं.

नसेल, असं म्हणणं सोपं होतं.

"सांगता येत नई," नाना म्हणाले.

तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. "आईला आत्ता कुठे हा नंबर पाठ झाला होता," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने तो बंद केला. त्या दिवशी नाना निघाले तेव्हा मात्र तिने त्यांना चहाचं विचारलं, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगितलं, "नवा नंबर तुम्हाला देत नाही हं, नाना. राग मानू नका."

नानांनी राग मानला नाही. पण उरलेल्या शहाऐंशी घरी जायला त्यांना पाच दिवस लागले, एवढं त्यांचं पाऊल जड झालं. प्रत्येक दारात ते चूक सांगायचे आणि शिव्यांची वाट बघायचे. शिव्या कुणी देईना. झुलालभाऊ म्हणाले, "आधार व्हय? माह्या आधारची झेरॉक्स तं रेशन दुकानात तेलाच्या डब्याखाली ठेवेल हाय." धुरपदाबाईंना वेगळीच काळजी. "आता काढून टाकली म्हनतो, मंग अर्ज बाद झाला का? दुसरी झेरॉक्स देऊ?" एका घरी तर इंटरनेटवर आपला फोटो आला या आनंदात नानांना शेवयांची खीर खायला लागली. शहाऐंशी घरांनी माफ केलं. त्यातल्या एकाही घराला माफ काय केलं ते कळलं नव्हतं, आणि नानांना त्याचाच त्रास जास्त झाला.

हरकत मुदतीच्या शेवटच्या दिवशी कुंदनने भरली. सरकारी पानावर एकच चौकट होती. पाचशे अक्षरांची मर्यादा, कागद जोडायची सोयच नाही. सही, झेरॉक्स, तक्ता, कशालाच जागा नव्हती. फक्त हरकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी. नानांनी तो वाचून दाखवला. झेरॉक्सांचा गठ्ठा घेऊन ते ज्याची त्याला परत द्यायला गेले. बहुतेकांनी "राहू द्या, पुढच्या अर्जाले कामी येतीन" म्हणून आपली झेरॉक्स घ्यायला नकार दिला.

तंत्रओट्यावर नाना आता लिहीत नाहीत, वाचतात. तिथल्या लोकांनी नवं भांडण काढलं आहे. 'सर कुठे गेले?' असं कुणीतरी मधूनच विचारतं. पण एक खाजगी निरोप त्यांच्या फोनमध्ये तसाच आहे. संपादक-दोनचा. 'सर, फाईल काढली, त्याचं काही नाही. मीही घाबरलो असतो. पण मी आजवर माझं नाव, गाव, घर कुठेही लिहिलेलं नाही. तुमचा माणूस माझ्या दारात कसा आला, एवढंच सांगा. हल्ली बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघतो. कुठे चुकलो ते कळलं तर बंद करता येईल.'

"सांगून टाका ना, नाना," कुंदन म्हणाला. "फोटोतला खांबाचा आकडा. एका ओळीचं उत्तर आहे."

"एका ओळीचं कसं? तो आकडा कोनाले वाचता येतो, हेही सांगनं आलं. मंग मी कोन, ते आलं."

"मग?"

"अन् मगनचंही आलं."

नानांनी चार वेळा लिहायला घेतलं. एकदा 'प्रिय नवल' असं लिहिलं आणि दचकून पुसलं. त्याचं नाव आपल्याला माहीत आहे हे त्याला माहीत नाही. दुसऱ्या वेळी 'मी अधिकारी नव्हतो' इथवर पोचले. तेवढ्यात कुणीतरी तंत्रओट्यावर 'सर' म्हणून हाक मारली आणि ते वाक्यही गेलं.

कुंदन दोन-चार दिवसांनी आठवण करतो. "नाना, शिरपूरचं उत्तर गेलं का?"

"लिहून राह्यलो," नाना म्हणतात आणि चष्मा काढून पुसायला घेतात.