लॉयड कार्मोडीची ऊब

संशोधक रोइमाताने लॉयड कार्मोडीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो दोन पिंजऱ्यांच्या समोर बादली पालथी घालून बसला होता. शस्त्रक्रिया झालेली गाभण मेंढी शेजारीण दिसली नाही तर खात नाही, म्हणून त्याने दोघींचे पिंजरे जोडून लावले होते. तरीही एक तोंड फिरवून उभी होती. लॉयड तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

"मातुआ, उत्तर देते का ती?" तिने विचारलं. तिच्या माओरी घरात वडीलधाऱ्यांना अशीच हाक मारत.

"बायकोपेक्षा जास्त देते," तो म्हणाला. "अर्थात बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली."

टाउमारुनुई गावाच्या मागच्या डोंगरात त्याची स्वतःची मेंढरं होती. मुलगी ट्रेसी हिच्या मुलासाठी, फिनसाठी, सगळं विकून तो हॅमिल्टन शहरात आला आणि या संशोधन केंद्रात मेंढ्या सांभाळू लागला. फिनला बसता येत नसे, धड गिळता येत नसे. तो डोंगरातल्या घरीच, दिवस भरण्याआधी जन्मला होता. दरड कोसळून रस्ता बंद होता, नाळ गळ्याभोवती आवळलेली, बाळ निळं पडलेलं. लॉयडने गुदमरलेल्या कोकराला धरतात तसं त्याला पायांनी उलटं धरलं, टॉवेलने खसाखसा चोळलं, आणि बाळ रडलं. चहाच्या सुट्टीत लोक हे कौतुकाने सांगत. लॉयड तेव्हा स्कोनच्या पावाला लोणी लावत बसे.

रोइमाताचं काम संगणकाच्या पडद्यासमोर असे. मेंढीच्या पोटातल्या पिल्लाची नाळ शस्त्रक्रियेने बसवलेल्या पट्ट्याने थोडा वेळ दाबायची, सोडायची, आणि पिल्लाच्या मेंदूच्या लहरींची रेघ पाहत राहायचं. एका दुपारी लॉयड चारा टाकून तिच्या मागे येऊन उभा राहिला. सपाट पडलेली रेघ आता वेड्यावाकड्या उड्या मारत होती.

"नाळ तर सकाळीच सोडलीत ना? मग आता हे काय?"

"खरं नुकसान आता होतंय," ती म्हणाली. "मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात ते ग्लुटामेटने. ते ऐकायला प्रत्येकीला जणू कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. श्वास कोंडला की सगळ्या एकदम ओरडायला लागतात. कान मिटता येत नाहीत. त्या कल्लोळानेच कितीतरी पेशी नंतर मरतात."

"मग कानांत बोळे घाला."

"तेच औषध तपासतोय. पण वाढता मेंदू त्या बोलण्यावरच वाढतो. बोळे जास्त वेळ राहिले तर वाढच खुंटते. म्हणून श्वास कोंडलेल्या, पण दिवस भरलेल्या बाळांना थंड ठेवतात. गारव्यात आरडाओरडा कमी होतो."

"आणि ऊब दिली तर?"

"जास्त ऊब दिली तर वाढतो," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. मग तिने मागे पाहिलं. लॉयड रिकामी बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता.

"बाळ कुठे ठेवलं होतं, ते मला कुणी विचारलंच नाही, पोरी," तो म्हणाला.

तिला विचारावं लागलं नाही. गारठलेलं कोकरू डोंगरातला कुणीही जिथे ठेवतो, तिथेच त्याने फिनला ठेवलं होतं: कोळशाच्या चुलीपाशी, भट्टीचं दार उघडं टाकून, लोकरीत गुंडाळून. मदतीचं हेलिकॉप्टर येईपर्यंत तो कोळसा घालत राहिला. बाळ लालबुंद झालं तसा त्याला धीर आला होता.

"मेंदूला आधीच किती इजा झाली होती कोणास ठाऊक, मातुआ. कदाचित काहीच फरक पडला नसेल."

"कदाचित," तो म्हणाला. "कोकरांना पडतो. म्हणून तर तुम्ही मोजत बसता."

त्याने बादली धुतली, नेहमीच्या जागी उपडी ठेवली. "ट्रेसीला सांगू का?"



रविवारी जेवणं झाल्यावर त्याने ट्रेसीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ताटं विसळली आणि फिनला घेऊन आतल्या खोलीत गेली. एवढंच त्याने सोमवारी रोइमाताला सांगितलं, आणि मेंढ्यांना पाणी द्यायला गेला.

लॉयडने आता काम सोडलं आहे. ट्रेसी त्याच्याशी कामापुरतंच बोलते. फिनला आंघोळ घालायला मात्र रोज संध्याकाळी त्यालाच बोलावते, कारण वाढत्या मुलाला उचलणं तिला एकटीला झेपत नाही. टबातलं पाणी किती गरम आहे, ते ती स्वतः हात घालून पाहते.