अकरा मीटर

"खुर्चीला हात लावून दाखव," साहेब म्हणाले. "सुपरवायझरचा हात नेमका कुठे होता?"

कंपनीची तक्रार समिती बसली होती. भिंतीवर महिला दिनाचा बॅनर तसाच लटकत होता, 'स्त्रीशक्तीला सलाम'. त्याखाली पाच सदस्य, बिस्किटांची बशी आणि एक रिकामी खुर्ची. ती खुर्ची म्हणजे मी. मी तिच्या पाठीला हात लावला. मग खाली, कमरेच्या जागी. कुणीतरी बिस्किट मोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बुटीबोरीच्या त्या कापड कारखान्यात मी तपासणीला होते. टेबलाची काच, खाली दिवे, वरून कापड सरकत जातं. पायाखाली पेडल. दोष दिसला की पाय उचलायचा; मशीन थांबतं. मग खडूची खूण. आई उमरेडला मागावर बसायची. तिनं शिकवलेलं एवढंच: "दोष दिसला का खूण कर वं. नाही तं तो दुसऱ्याच्या अंगावर जाते."

त्या सकाळी सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. हात पाठीवर. मग कमरेवर. "कापडाकडे पाहा," तो कानाशी म्हणाला. मी पाहत राहिले. दिसत काहीच नव्हतं. पाय पेडलवरून उचललाच गेला नाही. एकशे चार ते एकशे पंधरा, अकरा मीटर कापड समोरून निघून गेलं. जेमतेम पाऊण मिनिट.

दुपारी मलाच मेमो मिळाला. अकरा मीटरमध्ये तीन दोष सुटले. खाली त्याच्या हातचा शेरा, वळणदार सहीसकट: 'मी स्वतः सकाळी १०.४० वाजता मशीनजवळ उभे राहून हा हलगर्जीपणा पाहिला.' स्वतःच्या दक्षतेचा दाखला स्वतःच लिहायची त्याला सवय होती.

दोन दिवसांनी मी तक्रार दिली. समितीपुढे तो म्हणाला, त्या सकाळी मी तपासणी खात्यात गेलोच नव्हतो. मी मेमो पुढे केला. साहेबांनी उघडलासुद्धा नाही. "हा शिस्तीचा विषय आहे. वेगळा." आणि मग हसून, "तुमच्या लोकांना कायदा फार पाठ असतो."

"हो," मी म्हणाले. "लिहिणाऱ्याचा फोटो आमच्या घरात आहे."

अहवाल आला. आरोप सिद्ध झाला नाही. मी औद्योगिक न्यायालयात अपील केलं, तेव्हा कुठे कंपनीच्या लोकांनी तो मेमो वाचला असावा. कारण एचआरच्या मॅडमनं बोलावून घेतलं. "देख बेटा, आम्ही मेमो रद्द करून टाकतो. रेकॉर्डवर डाग कशाला? मूळ प्रत आणून दे, अपील मागे घे."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "देऊन टाक नं वं. काहून जीव जाळून राहिली?"

आठवडाभर तो कागद डब्याच्या पिशवीत घेऊन हिंडले. द्यावा असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? बसमध्ये मी शेवटच्या सीटवर बसायचे, मागे कुणी नको म्हणून. भांडी घासताना आई मागून आली तरी हातातून ताट पडायचं. ते कापड शाळेच्या शर्टांचं होतं. रस्त्यात गणवेशातल्या पोरी दिसल्या की मी त्यांच्या पाठी पाहते. अजूनही. सुटलेले तीन दोष शोधते.

शेवटी कागद आईसमोर ठेवला. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिनं सहीवर अंगठा फिरवला, कापडावर फिरवावा तसा.

"ही खूण तं त्यानं सोताच करून ठेवली," ती म्हणाली. "अन् तू पुसाले निघाली?"

दुसऱ्या दिवशी मूळ मेमो वकीलबाईंच्या हातात दिला. न्यायालयात पुरावा म्हणून त्यावर निशाणीचा क्रमांक पडला.

त्या दिवशी व्हरांड्यात तो मागे येऊन उभा राहिला. तेवढ्याच अंतरावर. "नोकरी करायची हाय नं तुले?" आवाजही तोच, कानाशी. पाठ गार पडली. भीती गेलेली नाही. ती पाठीत घर करून आहे. राहू दे.

मी वळले. त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले. पुकारा होईपर्यंत नजर हलवली नाही. त्याला भिंतीवरच्या सूचना वाचाव्या लागल्या.

पुढची तारीख पडली. मी येणार आहे.