बाबांनी भाजलेले अंकुर

गव्हाच्या दाण्यातला इवलासा अंकुर बर्फात ठेवून वाटायचा, त्याचा रस काढायचा आणि त्यात एखाद्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते कसं बनवायचं याचा निरोप, टाकायचा. पेशी तर फुटलेली असते, तरी रसातले रायबोसोम तो निरोप वाचून मुकाट्याने प्रथिन बनवत बसतात. कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी या कामाच्या प्रेमात पडले. इतकं इमानदार काम मी माणसांत फारसं पाहिलेलं नाही.

हा रस परदेशातून मागवला की बर्फात निघायचा आणि कस्टममध्ये अडकून कोमट होऊन हातात पडायचा. म्हणून तो पुण्यातच बनवायचा प्रकल्प मी मांडला. बरा चालला होता. पण मुदत संपताना नेमकी आम्हाला अंकुर देणारी गिरणी बंद पडली, आणि सोमवारी परीक्षण समिती यायची होती. तिच्यासमोर ताजा रस चालला तर मुदतवाढ, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. चाळिशी उलटल्यावर मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

"आमच्या गिरणीत मिळेल की," बाबा म्हणाले. हडपसरच्या मैद्याच्या गिरणीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. आई गेल्यापासून ते घरात काम शोधत फिरायचे. मी संध्याकाळी विश्रांतवाडीला घरी पोचले तर ओट्यावर स्टीलचा डबा भरून तयार. झाकण उघडलं आणि खमंग वास आला.

"काय ताजं आहे हो बाबा!" मी म्हणाले. पेशीजीवशास्त्रातली डॉक्टरेट माझीच.

रस चालतो का हे बघायला आम्ही त्यात काजव्याच्या प्रथिनाचा निरोप टाकतो. प्रथिन बनलं तर प्रकाश पडतो आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढते. रेघ ढिम्म हलली नाही. मी पाण्याला दोष दिला, हातमोज्यांना दिला, दोन्ही विद्यार्थ्यांना दिला आणि शेवटी एसीवर खेकसले.

रविवारी सकाळी बाबा उपम्यासाठी रवा भाजत होते. तो वास नाकात शिरला आणि मला त्या डब्याचा खमंग वास आठवला.

"बाबा, तो डबा... तुम्ही भाजलात?"

"मग? कच्चं ठेवलं असतं तर खवट नसतं झालं? मंद आचेवर परतलं, हलवत उभा होतो. जरा म्हणून लागू दिलं नाही."

मला भयंकर राग आला, आणि तितकंच भरूनही आलं. "बाबा, त्यातलं सगळं काम करणारं कच्चंच लागतं हो. भाजलं की मेलं."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी गॅस बंद केला, रवा तसाच कढईत ठेवला आणि चपला घातल्या. "चल," म्हणाले, "गिरणीतली पाळी चालू असेल अजून."

मुंढव्याच्या ट्रॅफिकमधून मी स्कूटर काढत होते आणि बाबा मागे बर्फाचा डबा पोटाशी धरून बसले होते. गिरणीत त्यांचे जुने सोबती भेटले, पण चहाला ते थांबले नाहीत. तिथून आम्ही थेट प्रयोगशाळेत गेलो. मी वाटलं, गाळलं, निरोप टाकला. बाबा स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसले, कशालाही न शिवता.

रेघ हलली. मग चढायला लागली.

"वर चाललंय ते चांगलं ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

सोमवारी समितीसमोर विद्यार्थ्यांनी सगळं पुन्हा करून दाखवलं. संध्याकाळी घरी आले तर भाजलेल्या अंकुरांचे लाडू वळून झाले होते. बाबांनी एक माझ्या हातावर ठेवला आणि निकाल विचारायचा धीर होईना म्हणून भलतंच बोलले.

"गुरुवारी ताजा माल निघतो गिरणीत. आणायचा का?"

"आणायचा. आणि अजून दोन वर्षं आणत राहायचा."

बाबांनी ओट्यावरचा स्टीलचा डबा हातात घेतला. मग डोळे पुसत म्हणाले, "मग हा डबा नाही पुरायचा."