डावं पायडल

दादाची बीएमएक्स सायकल आईनं दोनदा भंगारवाल्याला दाखवली होती, आणि दोन्ही वेळा मी त्या बिचाऱ्या भंगारवाल्याशीच भांडले. तिसऱ्यांदा आईनं सांगून टाकलं, "दसऱ्यापतोर ही उतारावर थांबवून दाखवलीस तर ठेव. न्हाईतर फुकट देऊन टाकीन. डोळ्यांम्होरं नको मला ती."

तिचा राग खरा होता. आमचं घर साताऱ्यात पार वर, समर्थ मंदिराजवळ. घराबाहेर पाऊल टाकलं की उतारच. दादा शाळेत असताना याच सायकलवरून पोवई नाक्याकडं सुटला, ब्रेक नुसता किंचाळला, आणि पठ्ठ्याचे पुढचे दोन दात रस्त्यावर! तेव्हापासून सायकल जिन्याखाली. चाकं गंजली, सांगाडा मात्र टणक राहिला. मला ती हवीच होती. कॉलेज खाली होतं, आणि रोज शेजारच्या काकांच्या स्कूटरवर मागं बसून त्यांचे उपदेश ऐकायचा मला वीट आला होता.

दादा तोवर सांगलीत कारखान्याला लागला होता, विश्रामबागेत खोली घेऊन राहायचा. शेजाऱ्यांच्या फोनवरून मी त्याच्यावर ओरडले, तसा शनिवारच्या एसटीनं तो पोतं घेऊन हजर. पोत्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या रिंगा, लांब हातांचे ब्रेक आणि गिअरच्या सायकलीचा क्रँक, म्हणजे पायडलं बसतात तो दांडा. मी तर नाचलेच.

पण जुन्या सांगाड्याला नवं काही बसेल तर शपथ. सांगाड्यातलं क्रँकचं भोक एवढं मोठं की नवा क्रँक आत खुळखुळ्यासारखा वाजायचा. दादानं माप घेतलं आणि पुढच्या शनिवारी कारखान्यातल्या लेथवरून बुश, म्हणजे भोकात बसणारं कडं, कापून आणलं. ब्रेक अडकवायला फोर्कवर, म्हणजे चाकाच्या चिमट्यावर, खुंट्याच नव्हत्या, त्या वेल्डिंगवाल्याकडून लावून घेतल्या. मी चिडून पाना आपटला की आई चुलीपुढून म्हणायची, "जुन्या घरात नवी सून आली की आसंच व्हतं. जरा दमानं घे गं."

खंडेनवमीला फक्त पायडलं राहिली. उजवं झटक्यात बसलं. डावं बसेना. मी पान्यावर सगळा भार टाकला, दात-ओठ खाल्ले, दादा "मोडशील, मोडशील!" म्हणून बोंबलतोय. आई झेंडूचा हार ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "उलटं फिरव. डाव्या पायडलचे आटे उलटे असत्यात."

फिरवलं. बसलं की!

"आई, तुला गं कसं ठाव?"

"ठाव हाय," म्हणाली आणि हार घेऊन आत गेली.

दसऱ्याच्या सकाळी परीक्षा. मी बोळाच्या वरच्या टोकाला, आई खाली नळापाशी तोंडावर हात धरून उभी. मी सुटले. आई जवळ आली तसे दोन्ही ब्रेक दाबले, आणि सायकल तिच्या पायांपुढं थांबली. आवाज नाही, काही नाही. मी असली आरोळी ठोकली की सगळ्या बोळाची दारं उघडली. दादानं मला उचलूनच घेतलं.

आईनं पदर खोचला. "उतर."

"कशाला?"

"उतर म्हंते न्हवं."

बसली की ती! नळापुढच्या सपाट गल्लीत पायडल मारत सुटली. "सरका रं!" म्हणत देवळाला वळसा घालून आली, घामानं डबडबलेली. इतकं हसताना तिला मी कधीच पाहिलं नव्हतं.

"म्हायेरी सगळं सपाट," ती धापा टाकत म्हणाली. "बाच्या सायकलीवर हाफ पायडल मारत रानातनं फिरायची मी. लगीन होऊन हिकडं आले, तवापास्नं नुसता चढ आन् उतार. आन् ह्याचे दात पडल्यावर तर वाटलं, सायकल आपल्या नशिबातच न्हाई." दादानं डोळे पुसले. मीही पुसले, लाज कसली त्यात. सायकलीला हार आईनंच घातला.

सुट्टी संपली. दप्तर खांद्याला मारून मी ऐटीत जिन्याखाली वाकले. सायकल नव्हती. आई कोथिंबीर आणायला गेली होती.

शेजारचे काका स्कूटर चालू करून उभेच होते. "बसा," म्हणाले.

बसले.