अंगणातला जावई

नव्या तंत्रज्ञानावर माझ्या थोरल्या मेव्हण्यांइतकं वेडं प्रेम करणारा आणि तरी त्याला इतका वेळ दाराबाहेर ताटकळत ठेवणारा माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही. आळेफाट्याला एका गॅरेजच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. पुण्याहून कुणी नवी सीडी आणली, मासिकात प्रोग्रामिंगच्या एखाद्या नव्या भाषेबद्दल चार ओळी आल्या, की मेव्हणे जिन्यावरूनच ओरडत यायचे, "दाजी, लई भारी चीज घावली!" धाप लागलेली, एक चप्पल खालीच राहिलेली. वाटावं, आता जुनं सगळं खिडकीतून बाहेर जाणार. पण मग ते त्या चिजेचं नाव चिठ्ठीवर लिहीत आणि भिंतीकडे वळत.

भिंतीवर त्यांनी खडूनं घर काढलं होतं : अंगण, ओटा, माजघर, देव्हारा. नवीन आलेलं अंगणात. आम्ही वापरून पाहिलं की ओट्यावर. डेअरीत एक पावसाळा काढला की माजघरात. देव्हाऱ्यात एकटा बॅकअप बसलेला. "मला दिसंल ते आवडतं, म्हून तर भिंत पायजे," ते म्हणत. माझी तक्रार एवढीच, की मी कामाला लागलो तेव्हा माझ्याही नावाची चिठ्ठी त्यांनी अंगणात टाचली. सख्ख्या बहिणीचा नवरा! घरी पाटावर बसवून पुरणपोळी, आणि ऑफिसात अंगण! माजघरात पोचलो की भागीदारी, असं ठरलं होतं.

मग मोबाइल आले. दुधाचे आकडे मेसेजनं थेट आमच्या कॉम्प्युटरात, ही कल्पना माझी. माडीवरून खाली गॅरेजात जाऊन मेसेज केला, आकडे आले! मी ती चिठ्ठी सरळ देव्हाऱ्यात टाचली आणि बायकोला भागीदार झाल्याचं सांगून टाकलं. मेव्हणे आनंदानं टेबलावर चढले, उतरले आणि म्हणाले, "आता घाटघर. आळेफाट्याव समदंच चालतं."

घाटमाथ्यावरच्या घाटघरला ढग डेअरीच्या कौलांना टेकलेले. फोनवर रेंजची एक कांडी नाही. मी जीपच्या टपावर चढलो, तिथून पाण्याच्या टाकीवर. खाली डेअरीचे चेअरमन, किटल्या घेतलेली माणसं आणि मेव्हणे. "डावीकडं, दाजी! अजून! हात वर!" एक कांडी उगवली, मी मेसेज सोडला, कांडी मावळली.

"गेलं का?" चेअरमन ओरडले.

'गेलं' म्हणालो असतो, तर पडताळायला आळेफाट्याला कोण पळणार होतं? डेअरीची ऑर्डर तिथंच मिळाली असती, आणि भागीदारीसुद्धा.

"न्हाई गेलं!" मी ओरडलो. टाकीवरून ओरडताना माझी भाषाही मेव्हण्यांची झाली.

"रोज ह्ये पावणं टाकीवर चढणार व्हय?" किटली उचलत एका बाईंनी विचारलं. मेव्हणे हसून हसून जीपला टेकले.

ऑर्डर गेली. मोबाइलची चिठ्ठी देव्हाऱ्यातून अंगणात आली आणि माझी ओट्यावर. "टाकीवरनं खरं बोललात," मेव्हणे म्हणाले.

पुढे त्यांचे गुडघे गेले, जिना सुटला. ते गावी राहू लागले. भिंत मी सांभाळली, पण माझी चिठ्ठी हलवायला माझा हात धजला नाही. काही वर्षांनी पुन्हा घाटघरला गेलो, तर त्याच टाकीखाली खिशातला फोन वाजला. रेंज! मी मेव्हण्यांना मेसेज केला, "गेलं." लगेच त्यांचाच फोन, तीच धाप, तीच आरोळी. "आलं, दाजी, आलं! टाकीवर हाय का?"

"नाही. जमिनीवर."

"मग सरकवा तुमची चिठ्ठी. माजघरात."

चिठ्ठी मी सरकवली. नवीन काही हाती आलं की अजूनही आधी जिन्याकडे कान जातो.