बोरटाकळीच्या शाळेचा स्लॅब

सूर्यभान तायडेला पातळ काँक्रीट खपत नसे. वऱ्हाडात तेव्हा काँक्रीट ताकासारखं कालवायचं, ओतायचं, वरून थापी फिरवायची आणि घरी जायचं, अशी रीत होती. पातळ माल आपोआप पसरतो म्हणून मजूर खूश, वरून गुळगुळीत दिसतो म्हणून मालक खूश. आत किती पोकळ राहिलं हे बघायला कुणी जात नसे. सूर्यभान जाई, आणि म्हणून तो सगळ्यांना नकोसा वाटे.

हे वेड त्याला पूर्णेवरच्या एका पुलाने लावलं. मॅट्रिक झाल्यावर तो तिथे हजेरी कारकून होता. कामावरच्या मद्रासी इंजिनियरकडे मुंबईहून काँक्रीटवरचं एक इंग्रजी मासिक यायचं. इंजिनियरची बदली झाली तेव्हा त्याने तीन वर्षांचा गठ्ठा सूर्यभानच्या हाती दिला. पुढे लहानसहान ठेके घ्यायला लागल्यावर सूर्यभानने स्वतःच्या नावाने वर्गणी भरली. मांडीवर डिक्शनरी घेऊन तो मासिक वाची, लाल पेन्सिलीने खुणा करी आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन माणसांचा जीव खाई. मासिकात नवे मिक्सर असत, काँक्रीटमध्ये खुपसून आतली हवा बाहेर काढणारे व्हायब्रेटर असत. त्याची कामं चालत त्या भातकुलीच्या बाजूला तर विजेचा खांबही नव्हता. मग जमेल ते त्याने केलं. घमेल्यांच्या अंदाजाऐवजी मापाच्या लाकडी पेट्या केल्या. व्हायब्रेटरच्या जागी माणसं उभी करून सळईने माल खुपसायला लावला. आणि टिनवाल्याला चित्र दाखवून पत्र्याचा एक शंकू करून घेतला. त्यात माल भरायचा, शंकू वर उचलायचा आणि उघडा पडलेला ढीग किती खाली बसतो ते पट्टीने मोजायचं. फार बसला तर पाणी जास्त झालं.

नत्थुजी मिस्त्रीने त्या शंकूला टोपी नाव ठेवलं होतं. नत्थुजी पन्नाशीचा, हाताने तरबेज आणि तोंडाने त्याहून.

"आली का तुमची टोपी?" तो म्हणे. "बापा, लगनात नवरदेवाच्या टोपीची एवढी वाट नाई पाह्यली कोनं."

"नत्थुजी, पानी कमी करा."

"आता काय चमच्यानं टाकू? कांकरेट हाये का औषध?"

"औषधच समजा."

"मंग पेशंट मरन, पन तुमचा चमचा नाई चुकनार."

तरी नत्थुजी पाणी कमी करी. शिव्या देत करी, पण करी.

सत्तावन साली बोरटाकळीच्या शाळेचं काम निघालं. बोरटाकळी सूर्यभानचं स्वतःचं गाव, भातकुलीच्या पलीकडे, काळ्या जमिनीतलं. जुन्या कुडाच्या शाळेत त्याने चौथीपर्यंतचे धडे दाराबाहेर बसून ऐकले होते. त्याच्या वस्तीतल्या पोरांना आत जागा नसे. पाऊस आला की मास्तर दार लावून घेत आणि मग धडाही ऐकू येत नसे. आता गावाने वर्गणीतून पक्की खोली बांधायची ठरवली. समितीचे प्रमुख गावातले बडे जमीनदार पंजाबराव. दुसऱ्या कोणत्याही ठेकेदाराला त्या कामात रस नव्हता, म्हणून ते सूर्यभानकडे आलं. आदल्याच वर्षी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्या शाळेचं छप्पर आपण घालायचं, आणि असं घालायचं की पुढच्या तीन पिढ्यांत कोणी बोट दाखवू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

म्हणून त्याने त्या स्लॅबमध्ये आपली सगळी विद्या ओतली. रेती तीनदा धुतली. गिट्टी चाळली. सळया वाळूने घासल्या. पाण्याबद्दल मासिकात साफ लिहिलं होतं, जे पाणी पिण्यालायक ते काँक्रीटला चालतं. सूर्यभानने शाळेच्या विहिरीतून बादली काढली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. गोड. नत्थुजी शेजारच्या गावचा. तोही प्यायला.

"गोड हाये," तो म्हणाला. "लिवा तुमच्या वहीत."

सूर्यभानने खरंच लिहिलं.

स्लॅबच्या दिवशी मजुरांच्या जेवणासाठी त्याची बायको सुभद्रा चुलीपाशी होती. सुभद्रा मोर्शीकडची, संत्र्यांच्या मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवस तिच्या घशाखाली इथलं पाणी उतरलं नव्हतं, आणि सासरच्यांनी त्याला माहेरचे लाड म्हटलं होतं. सकाळी चढवलेली तुरीची डाळ दुपार झाली तरी तशीच टणक होती.

"अवो," ती म्हणाली, "या पान्यात डाळ शिजत नाई, अन् तुमचा स्लॅब कसा शिजन?"

"कांकरेट शिजत नसते, जमते," सूर्यभान म्हणाला. नत्थुजी हसला, माल वाहणाऱ्या रेजा हसल्या. सुभद्राने पदर खोचला आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. चुलीपाशीही काही कळू शकतं हे मान्य करायला शिकलेल्या माणसाला फार वेळ लागतो. याला सात वर्षं लागली.

स्लॅब झाला. चौदा दिवस बारदानं अंथरून त्याच विहिरीच्या पाण्याने स्लॅब ओला ठेवला, तराई केली; सूर्यभान रोज सकाळी जाऊन बारदानात बोट खुपसून बघे. पुढच्या वर्षी तो बिऱ्हाड घेऊन अमरावतीला गेला. कामं मिळत गेली. कुणी विचारलं तर तो दुसरं काही सांगत नसे, बोरटाकळीचा स्लॅब बघून या, म्हणे.

चौसष्ट साली, भर थंडीत, नत्थुजी एसटीने अमरावतीला आला. ओट्यावर बसला, पाणी मागितलं नाही, थट्टा केली नाही.

"शाळेचा माल पडला," नत्थुजी म्हणाला. "पोळपाटाएवढा तुकडा, बाकावर. पोरं जेवायच्या सुट्टीत बाहेर होते म्हनून बरं."

सूर्यभान मिळेल त्या गाडीने गेला. मास्तरांनी बाक भिंतीकडे सरकवून पोरं तिथेच बसवली होती. त्याने मान वर केली. स्लॅबच्या पोटावर तांबड्या रेघा उमटल्या होत्या, सरळ, समान अंतरावर. खाली जणू कुणी सळयांचा नकाशा काढला होता. सळई गंजली की फुगते आणि फुगली की पोटाखालचा माल ढकलून देते, हे त्याला लाल पेन्सिलीसकट पाठ होतं. का गंजली, एवढंच कळत नव्हतं.

पारावर मंडळी त्याची वाटच बघत होती.

"ये सूर्यभान," पंजाबराव म्हणाले. "मी काही रागावून नाई राह्यलो. खरं सांग फक्त. किती पोते वाचवले तेव्हा?"

"एक बी नाई, भाऊ."

"मंग वरून का शाप पडला?"

"एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टीचा माल व्हता. पेटी मोजून. नत्थुजीले इचारा."

"नत्थुजी तुहाच मानूस." कोणीतरी मागून म्हणालं, "टोपी घालून गेला गावाले." सगळे हसले. हा विनोद सात वर्षं कुणीतरी सांभाळून ठेवला होता.

सूर्यभानने खोली बंद करा म्हणून सांगितलं. पोरं मारुतीच्या देवळात बसवा, झाडाखाली बसवा. पंजाबराव म्हणाले, खालून सिमेंटचा हात मारून घेऊ, दिवाळीपर्यंत निघेल. त्याने हात जोडले. ते म्हणाले, चहा घे. तो पाण्याचा घोटही न घेता उठला. गावातच राहणाऱ्या त्याच्या आईने जाता जाता फिरकीच्या झाकणाचा तांब्या पाण्याने भरून हातात दिला, तो तसाच घेऊन घरी आला.

घरी त्याने सगळी मासिकं खाली काढली. रेतीत क्षार? धुतली होती. सळयांवरचं आवरण कमी? मोजलं होतं. दोन दिवस तो जेवताना वाचत होता आणि वाचताना कुणाशी बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सुभद्राने चहा आणून ठेवला. पहिल्याच घोटाला त्याने तोंड वाकडं केलं.

"चहात मीठ टाकलं का?"

"मी नाई टाकलं," सुभद्रा म्हणाली. "तांब्यातलं पानी हाये, तुमच्या गावचं. नळ आला नाई आज. लहानपनापासून पेले ना तुमी? मंग आता काहून लागते खारं?"

सूर्यभानने कप खाली ठेवला. मग तांब्यातल्या पाण्याचा एक घोट घेतला. खारट. स्पष्ट खारट. सहा वर्षं अमरावतीचं पाणी पिऊन त्याची जीभ बदलली होती. पूर्णेच्या काठच्या त्या पट्ट्यात सगळ्याच विहिरी अशा. जन्मापासून तेच पिणाऱ्याला ते गोडच लागतं. मासिक लिहिणाऱ्याने पिण्यालायक लिहिलं ते मुंबईच्या नळाचं पाणी पिऊन. कुणाच्या जिभेला पिण्यालायक, हे त्याला लिहावंसं वाटलं नाही, आणि आपल्यालाही विचारावंसं वाटलं नाही.

"तू तेव्हा बोलली व्हती," तो म्हणाला.

"बोलली व्हती. तुमी मले कांकरेट शिकवलं."

उरलंसुरलं पाणी बाटलीत भरून तो कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी त्यात मीठ ओळखायच्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि बाटलीत दह्यासारखं पांढरं साकळलं. दुसऱ्या बाटलीतल्या अमरावतीच्या नळाच्या पाण्यात नुसता धुरकटपणा आला. प्राध्यापकांना त्यात मोठं नवल वाटलं नाही. मीठ आहे, ते म्हणाले, लोखंड खाणारच.

सूर्यभान दोन्ही बाटल्या घेऊन बोरटाकळीच्या पारावर उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. चूक माझी, पाणी मी निवडलं, चौदा दिवस वरून तेच पाजलं. आता नुसता हात मारून भागणार नाही, सळया आतून चालल्यात, स्लॅब पाडावा लागेल. एवढं सरळ कबूल करणारा ठेकेदार त्या पारावर पूर्वी कधी उभा राहिला नसेल. मंडळींनी ऐकून घेतलं.

"हे पानी खारं हाये?" पंजाबराव शेवटी म्हणाले.

"हो भाऊ."

"आमचे बापजादे पेले. आमचे हाडं तर नाई गंजले."

"हाडात लोखंडाची सळई नसते, भाऊ."

"सिमेंट खाल्लं म्हन ना सरळ," मागचा आवाज म्हणाला. "मोकळा हो. विहिरीवर काहून ढकलतं?"

चोरी केली असती तर त्यांना चाललं असतं. चोरी समजण्यासारखी गोष्ट आहे. दरेक जण ती समजतो आणि माफही करतो. गावची विहीर खारी म्हणणं मात्र गावाला शिवी दिल्यासारखं होतं, आणि तीही तायड्यांच्या सूर्यभानने द्यावी. दोन दिवसांनी पंजाबरावांनी शाळेत हात मारायला गवंडी लावला. त्याने माल त्याच विहिरीच्या पाण्यात कालवला.

हे कळलं त्या आठवड्याच्या रविवारी सूर्यभान नत्थुजीला आणि चार माणसांना घेऊन गेला. आधी खाली लाकडी बल्ल्यांचा टेका दिला, बाक बाहेर काढले, मग वर चढून स्वतः पहिला घण घातला. पंजाबराव धावत आले.

"अबे, कोनाले इचारून पाडून राह्यला?"

"मी बांधला, मी पाडतो."

"अन् पोरं?"

"पोरांसाठीच."

पंजाबराव पुढे काही बोलणार होते, तेवढ्यात वरून निखळलेली एक सळई त्यांच्या पायाशी पडली. बोटाएवढी जाड होती ती सत्तावन साली. मधोमध सुतळीएवढी उरली होती. त्यांनी ती उचलली, वाकवली, ती मोडली. ते घरी गेले. पण गवंडी पुन्हा आला नाही.

सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि महिनोन् महिने मिळत नसे. सूर्यभानने अमरावतीच्या प्लॉटवर स्वतःच्या घरासाठी साठवलेली पोती काढली. सुभद्राला विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"नेऊन टाका," ती म्हणाली. "इथं पोत्यातल्या पोत्यात गोटा होतीन. पन पानी कोनतं नेता?"

"अमरावतीहून. ड्रम भरून, बैलगाडीनं."

"मी येते," ती म्हणाली. "तुमच्या जिभेवर मले भरोसा नाई."

पहिल्या दिवशी तीन गाड्या गेल्या. गावाच्या वेशीत शिरतात तोच बायका कळशा घेऊन उभ्या. केशरबाई नावाच्या म्हातारीने ड्रममधून ओंजळभर पाणी घेऊन चाखलं आणि मागे वळून म्हणाली, "अवं बाई, साखरच हाये निरी." पुढचा अर्धा तास सूर्यभान ओरडत राहिला. हे काँक्रीटचं पाणी आहे, प्यायचं नाही, माप आहे, मोजून आणलंय. कोणी ऐकलं नाही. सुभद्रा गाडीवर चढून एकेकीची कळशी भरत होती.

"अवं, तू काय करून राह्यली?"

"तुमच्या मासिकात लिवलं ना," सुभद्रा म्हणाली, "पेन्यालायक पायजे म्हनून? पिऊन पाह्यतात बाया."

तिन्ही गाड्या रिकाम्या परतल्या. स्लॅब चार दिवस पुढे गेला. दुसऱ्या खेपेला सूर्यभानने नऊ गाड्या आणल्या, चार बायकांसाठी आणि पाच कामासाठी, आणि कामाच्या गाड्यांच्या राखणीला नत्थुजीला काठी देऊन बसवलं. शंकूतला माल नेमका दोन इंच बसला.

अमरावतीच्याच पाण्यावरची तराई संपल्यावर खालचं फळ्यांचं सेंट्रिंग काढलं. पंजाबराव आत येऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले. सूर्यभान दाराशी थांबला. आत या म्हणायची वाट बघायची त्याची सवय अजून मोडली नव्हती.

"आता पक्का झाला," पंजाबराव म्हणाले. "या बारीले आमी सारे पाहारा देऊन व्हतो ना. सिमेंट खायाले जागाच नाई भेटली तुले."

सूर्यभानने तोंड उघडलं. सुभद्राने त्याचा हात ओढला.

"चला," ती म्हणाली. "साडेपाचची गाडी हाये."

बाहेर शाळेच्या विहिरीवर मास्तर पोरांकडून पिण्याचा माठ भरून घेत होते.