दस्तगीरभाईंची धामण

पूर्णा जंक्शनच्या समस्त गावकऱ्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे, की इथून पुढे आपल्या गाद्या टणक होत जातील. उशांना गोळे येतील. रजईतला कापूस एका कोपऱ्यात जमा होईल आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांत माणसं कुडकुडतील. यावर इलाज नाही, कारण आमच्या गल्लीतले दस्तगीरभाई पिंजारी पैगंबरवासी झाले आहेत... हसलात तरी चालेल. हे निवेदन साध्या, गंभीर शब्दांत लिहावं म्हणून मी दोन महिने बसलो, पण लेखणी टेकवली की दस्तगीरभाई कानाशी म्हणायचे, "मास्तर, नाटक करू नका." आणि मग मी हटकून नाटक करायचो.

बातमी आली तेव्हा मी नववीला समास शिकवत होतो. शाळेचा शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमचे पिंजारी गेले." मी विचारलं, "कुठं?" गणपतीच्या मांडवात तीस वर्षं मृत्यूचे प्रवेश गाजवलेल्या माणसाला खरा प्रवेश आला तेव्हा एवढंच सुचलं.

आमची ओळख गादीवरूनच झाली. नवी नोकरी, नवं बिऱ्हाड, आणि समोरच्या घरातून दिवसभर येणारा तो आवाज... तुंई, तुंई, तुंई. खोलीच्या आढ्याला दोरीनं टांगलेलं पिंजण, म्हणजे पुरुषभर उंचीची लाकडी कमान, तिच्यावर ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी, आणि तातेवर पडणारा लाकडी ठोकळा. तात कापसात थरथरायची आणि दगडासारखा झालेला कापूस धुरासारखा वर उठायचा. त्या धुरात दस्तगीरभाई उभे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकातोंडावर फडकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातूनच मागे फिरावंसं वाटलं होतं. भर दुपारी, हाकेच्या अंतरावर स्टेशन, आणि समोर एक पांढरं माणूस पापणी न हलवता उभं! तेवढ्यात फडक्याआडून प्रश्न आला, "गादी हाय का भूत बघायला आलाव?"

त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट होती. चुलीच्या वर, धुरात, आडवं बांधलेलं धामणीचं लाकूड. धामण म्हटलं की माणसं साप समजून पाय वर घेतात, म्हणून सांगतो, हे झाड. वाकेल पण मोडणार नाही असं याचं लाकूड. हा तुकडा त्यांच्या वडिलांनी जिंतूरकडच्या डोंगरातून आणला होता आणि त्याला हत्यार लावायच्या आतच ते गेले होते. तेव्हापासून तो तिथं होता. साडेपाच हात लांब, किंचित बाकदार, एकही गाठ नाही. बोटानं टिचकी मारली की आवाज यायचा आणि... कसं सांगू, थांबायला हवा त्याच्या पुढेही थोडा वेळ राहायचा. उन्हाळ्यात चुलीवर असूनही तो तुकडा हाताला गार लागायचा. त्याच्यासमोर घरातलं कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी एकदा विचारलं, एवढं चांगलं लाकूड, करता काय याचं? दस्तगीरभाईंनी माझा दंड धरला, मला अंगणात आणलं आणि मग म्हणाले, "आत नका विचारू. ऐकायलंय ते."

मी खो खो हसलो. दुष्काळानंतरच्या एका दिवाळीपर्यंत हसतच होतो.

त्या दिवाळीत दोन गोष्टी झाल्या. दस्तगीरभाईंच्या जुन्या कमानीला उभा तडा गेला, आणि नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून सांगितलं, आत कापूस बसलाय, हा धंदा सोडा, नाहीतर फार दिवस नाहीत. स्टेशनच्या रस्त्यावर विजेचं पिंजणयंत्र आलंच होतं. त्यांच्या बायकोला, हलीमाभाभींना, वाटलं, अल्लानंच सोय केली. कमान मोडली, काम सुटलं. पण चुलीवर धामण होती. तिची नवी कमान झाली की माणूस पुन्हा त्या धुरात उभा राहणार.

एका सकाळी भाभी माझ्या दारात आल्या. "मास्तर, ते लाकूड तुमी मागा. नाटकाला मागा, कशाला बी मागा. तुमाला ते न्हाई म्हणणार न्हाईत. माझ्या नातवाच्या पाळण्याची दांडी करा म्हणून मी सांगून थकले."

"भाभी, घरातच तोडून टाका की एखाद्या दिवशी. कुऱ्हाड आहे."

भाभी हळूच म्हणाल्या, "मला भेव वाटतं त्याचं."

मी तयारीनिशी गेलो. अंगणात खाटेवर बसून सांगितलं, पुढच्या गणपतीत सीतास्वयंवर लावतोय, शिवधनुष्य हवं, आणि ते बांबूकागदाचं नको, भारदस्त हवं. दस्तगीरभाईंनी शांतपणे ऐकलं.

"रामानं त्या धनुष्याचं काय केलं, मास्तर?"

"मोडलं."

"आणि तुमचा राम कोण?"

"तलाठ्याचा मेहुणा."

"त्याच्यानं पापड मोडंना झालाय. धामण मोडायची म्हणून तुमच्या सीतेचं लगीन राहील की वो!"

खोकला येईपर्यंत ते हसले. खोकला थांबायला मात्र बराच वेळ लागला. मग तोंड पुसून म्हणाले, "बघा, आमच्यात लाकडाला इचारल्याबिगर पातं लावत न्हाईत. बापानं घालून दिलंय. तीन जुम्मे इचारायचं. ज्याला जे पायजे त्यानं ते बोलायचं. एकदा तुमी बोला, एकदा ही बोलंल, एकदा मी. तिन्ही खेपेला ते गप्प राहिलं तर घेऊन जावा, मोडा न्हाईतर जाळा. मी कापसाला हात लावणार न्हाई."

विचारायची रीत अशी. दुपारची नमाज झाली की दारंखिडक्या लावायच्या. दोन विटांवर लाकूड ठेवायचं. त्यावर पिंजलेल्या कापसाचं नखाएवढं पीस. घरच्यांनी तोंडाला फडकं बांधायचं, श्वास लागू नये म्हणून. ज्याची मागणी, त्यानं कामाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पीस हललं तर लाकडाचा होकार.

पहिल्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मी. फडकं मी बांधलं नाही. म्हटलं, नटानं तोंड बांधायचं नसतं. खरं कारण वेगळं होतं. माझा आवाज मांडवाबाहेरच्या पानटपरीपर्यंत जातो. मी पिसापासून चार बोटांवर वाकलो आणि छाती भरून गरजलो, "शिवधनुष्य!" चुलीतली राख उडाली. भाभींचा पदर हलला. ते पीस हललं नाही. पुन्हा गरजलो. नाही. लाकडावर ते जणू चित्रात काढलेलं होतं. मी त्या दिवशी हसणं थांबवलं.

दुसऱ्या जुम्म्याला भाभी. फडक्याआडून त्यांनी "पाळणा" असं म्हटलं, इतक्या मायेनं, की दगडालाही ओ द्यावीशी वाटावी. पीस जागचं हललं नाही.

राहिला तिसरा. आता कबुली देतो. कल्पना माझीच होती. दस्तगीरभाई मशिदीत गेले असताना भाभींनी गुळाचा पाक केला आणि मी बोटानं तो लाकडाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, लावला. पीस चिकटलं की संपलं. माणूस वाचणार, पाळणा होणार, आणि फार तर एक लाकूड फसवल्याचं पाप माझ्या माथी. आम्ही दोघं अपराध्यासारखे भिंतीला लागून बसलो.

दस्तगीरभाई आले. फडकं बांधलं. पीस वरून अलगद सोडलं. ते बसलं, छान चिकटलं. त्यांनी डोळे मिटले आणि, जणू झोपलेल्या माणसाला उठवावं तसं, म्हणाले, "पिंजण."

काही झालं नाही. मी भाभींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मग विटांवर खर्र असा आवाज झाला. पीस हललं नाही. लाकूड हललं. कूस बदलावी तसं ते सावकाश अर्धं वळलं, आणि आमचं पीस गुळासकट खाली गेलं, उलटं लोंबू लागलं.

बाक होता, तोल गेला असेल. विटा सारख्या नसतील. मी त्यानंतर घरी जाऊन विटांवर वेळूची काठी ठेवून पाहिली आहे, शाळेची पट्टी ठेवून पाहिली आहे. आधीच्या दोन जुम्म्यांना ते का वळलं नाही, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. भाभी उठून बाहेर गेल्या. दस्तगीरभाईंनी खाली वाकून पाहिलं, बोट लावलं, बोट चाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "मुंग्या लागतील की माझ्या पिंजणाला."

कमान झाली. अशी कमान मी पाहिली नव्हती. तिचा आवाज जुन्या पिंजणापेक्षा खाली होता, गळ्यातून यावा तसा. त्यांनी तिच्यावर दोन हिवाळे काढले. चमत्कारिक गोष्ट अशी, की तात वाजत असेपर्यंत त्यांना खोकला येत नसे. हात थांबला की यायचा. म्हणून हात थांबतच नसे. भाभी दारातून ओरडायच्या, जेवायला बोलवायच्या, भांडायच्या. ते मान हलवायचे आणि पुढचा ढीग ओढायचे. शेवटची भेट झाली तेव्हा ते माझीच गादी पिंजत होते. हो, मीच पाठवली होती. आवाज ऐकू येतोय म्हणजे माणूस बरा आहे, अशी मी सोयीनं समजूत करून घेतली होती. मी म्हटलं, "भाई, बसा जरा." धुरातून उत्तर आलं, "बसून बघितलं, मास्तर. बसलो की मरायलोय असं वाटतं."

त्या गादीवर मी हल्ली झोपत नाही. ती फार मऊ झाली आहे.

भाईंच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीला गेलो होतो. जेवणं झाली, पाहुणे उन्हं कलायच्या आत निघाले. खोलीत मी आणि हलीमाभाभी. त्यांनी खोली कोपरान् कोपरा झाडून काढली होती. त्या भिंती मी पहिल्यांदाच निळ्या पाहिल्या. पिंजण मात्र आढ्याला तसंच टांगलेलं. भाभी त्याच्याकडे पाठ करून भाईंच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होत्या, जावयाला द्यायला. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायच्या बेतात होतो, शब्दही जुळवले होते...

तात वाजू लागली.

आधी वाटलं, स्टेशनच्या यार्डात इंजिन डबे जोडतंय, जमीन हादरतेय. कान दिला. यार्ड गप्प होतं. आवाज बारीक होता, पण त्याला लय होती, कामाची लय. खिडकी बंद होती. आढ्यावरून, कुठं राहिलं होतं कोण जाणे, कापसाचं एक तूस तरंगत खाली आलं आणि तातेपाशी येऊन वर उडालं.

भाभींनी मान वळवली नाही. त्या दचकल्याही नाहीत. हातातली घडी तशीच चालू ठेवून, रोज दारातून ओरडायच्या त्याच वैतागलेल्या आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते निघून गेल्यावर तात थांबली एवढं मी शपथेवर सांगतो:

"अजी, बस करा की आता! घरात कापूस उरला न्हाई, कुणासाठी पिंजायलाव?"